पहिला कोर्स कोणता?

एकच दुखरी कंबर चार फिजिओथेरपिस्टना दाखवली, तर चार वेगळी स्पष्टीकरणं ऐकायला मिळू शकतात. मॅकेन्झी पद्धतीत शिकलेला म्हणेल, चकतीतला गाभा मागे सरकलाय, पालथं झोपून मागे वाकायला हवं. मेटलँड पद्धतीचा अंगठ्यांनी मणके चाचपून सांगेल, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली हालचाल आखडली आहे. ट्रिगर पॉइंट शिकलेला कुल्ल्याच्या स्नायूतली दुखरी गाठ शोधून काढेल. अमेरिकेतल्या शर्ली सारमन यांच्या विचाराने काम करणारा तुम्हाला वाकायला, उठायला, वळायला लावेल आणि म्हणेल, हालचालीची सवयच चुकीची पडली आहे. चौघंही प्रामाणिक असतात आणि बरे झालेले पेशंट चौघांकडेही असतात.

पदवी हातात पडत असलेल्या मुलामुलींना हा गोंधळ फार छळतो. इंटर्नशिप संपत आली की मोबाइलवर जाहिराती येऊ लागतात: दोन दिवसांचं ड्राय नीडलिंग, टेपिंग, कपिंग, मलिगन, मॅनिप्युलेशन, चार भागांत शिकवला जाणारा मॅकेन्झी, लहान मुलांसाठी कित्येक आठवडे चालणारं एनडीटी. हातात स्टायपेंडचे थोडे पैसे असतात, घरचे एमपीटीचं, म्हणजे पदव्युत्तर पदवीचं, विचारत असतात आणि सीनिअर मंडळींपैकी प्रत्येक जण आपण केलेल्याच कोर्सची शिफारस करतो. अशा वेळी ‘सर, पहिला कोर्स कोणता करू?’ हा प्रश्न साधा उरत नाही. पहिली पद्धत माणसाची नजर घडवते. पेशंटच्या अंगावर काय शोधायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं हे ती ठरवते, आणि ती सवय पुढे सहजासहजी सुटत नाही.

म्हणून निवडण्याआधी या पद्धती मुळात कशा जन्मल्या ते पाहायला हवं. मला त्यांचा इतिहास त्यांच्या सिद्धांतांपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी नावाचा तरुण फिजिओथेरपिस्ट आपला दवाखाना चालवत होता. स्मिथ नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या पेशंटच्या कंबरेतून पायात कळ जात होती आणि तीन आठवडे शेक वगैरे उपचार करूनही फरक पडला नव्हता. एके दिवशी मॅकेन्झींनी त्यांना आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या पेशंटसाठी टेबलाचं एक टोक वर उचललेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. स्मिथ त्यावर झोपले ते कंबर पार मागे वाकलेल्या अवस्थेत. त्या काळच्या समजुतीनुसार अशा पेशंटला ही अवस्था अगदी वर्ज्य. काही मिनिटांनी मॅकेन्झी आत आले आणि हादरले. पण स्मिथ म्हणाले की गेल्या तीन आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पायातली कळ गेली आहे. दुसऱ्या दिवशी तीच स्थिती मुद्दाम दिली आणि उरलेलं दुखणंही ओसरलं.

मॅकेन्झींचं मोठेपण यानंतर सुरू होतं. टेबल वर राहून गेलं हा योगायोग. पण पायातली कळ आधी कमी झाली आणि दुखणं कंबरेच्या मध्याकडे सरकलं, ही गोष्ट त्यांनी टिपली. पुढच्या पेशंटांमध्ये ती पुन्हा पुन्हा शोधली. दूरवर गेलेली वेदना एखाद्या हालचालीने मध्याकडे परत येणं म्हणजे सेंट्रलायझेशन, आणि ते दिसलं तर पेशंट बरा होण्याची शक्यता चांगली, हे त्यांचं निरीक्षण आजही टिकून आहे. चकतीतला गाभा पुढे-मागे सरकतो, हे त्यावर नंतर चढवलेलं स्पष्टीकरण. जिवंत माणसाच्या दुखऱ्या, झिजलेल्या चकतीत नेमकं तसंच घडतं का, यावर वाद संपलेला नाही. वाद कसाही सुटला तरी पायातली कळ कमी होणं खरंच राहतं.

त्याच वेलिंग्टनमधले ब्रायन मलिगन यांची गोष्ट याच जातीची. बोटाचा सांधा दुखावलेल्या एका पेशंटच्या सांध्याला त्यांनी हलकेच एका बाजूला सरकवून धरलं आणि तसं धरलेलं असतानाच पेशंटला बोट वाकवायला सांगितलं. बोट न दुखता वाकलं. यातून सांध्याला आधार देत हालचाल करवून घेण्याची त्यांची पद्धत उभी राहिली. स्पष्टीकरण असं दिलं गेलं की दुखापतीत हाड आपल्या जागेवरून किंचित हटतं आणि उपचाराने ते जागी येतं. २००२ मध्ये अंगठ्याच्या एका पेशंटवर हे एमआरआयने तपासलं गेलं. हाड किंचित हटलेलं दिसलं, उपचार चालू असताना ते जागी आलेलंही दिसलं. पण उपचारांचा क्रम पूर्ण होऊन दुखणं गेल्यावर पुन्हा चित्र काढलं, तेव्हा हाड होतं तिथेच होतं. पेशंट बरा, स्पष्टीकरण मात्र अडचणीत. एका पेशंटवरून नियम बनत नाही, तरी ही नोंद मी प्रत्येक नव्या फिजिओला आवर्जून सांगतो.

लंडनमध्ये बर्टा बोबाथ. जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेल्या या बाई मूळच्या व्यायामशिक्षिका. १९४० च्या दशकात सायमन एल्विस या व्यक्तिचित्रकाराच्या लकवा मारलेल्या अंगावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की आखडलेला हात कायमचा आखडलेला नसतो; शरीर कसं ठेवलं, कसं हलवलं यावर त्याचा ताठरपणा बदलतो. लकवा झालेली बाजू सोडून द्यायची आणि चांगल्या बाजूवर भागवायचं, अशी तेव्हाची रीत होती. बोबाथबाईंनी लुळ्या बाजूकडे पुन्हा लक्ष वळवलं. त्यांचे पती कारेल हे डॉक्टर, त्यांनी या निरीक्षणाला मेंदूतल्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या उतरंडीचा सिद्धांत जोडला. त्या सिद्धांतातून असाही निष्कर्ष निघाला की ताकदीचे व्यायाम दिले तर ताठरपणा वाढेल. कित्येक वर्षं लकव्याच्या पेशंटना जोर लावण्यापासून अडवलं गेलं. पुढे अभ्यासांनी दाखवलं की ताकद वाढवल्याने ताठरपणा वाढत नाही. इथे चुकीच्या स्पष्टीकरणाची किंमत पेशंटांनी मोजली.

या तिन्ही गोष्टींत क्रम एकच आहे: आधी खाटेशेजारी दिसलेली गोष्ट, मग तिच्यावर रचलेला सिद्धांत, मग त्या सिद्धांताचं प्रमाणपत्र. अभ्यासक्रमात मात्र क्रम उलटतो. पहिल्या दिवशी सिद्धांत, मग तंत्र, आणि वेळ उरलाच तर पेशंट.

हा धोका ॲडलेडच्या जेफ्री मेटलँड यांनी फार स्पष्टपणे ओळखला होता. १९६१ मध्ये ते परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले. तेव्हा लंडनमध्ये डॉ. जेम्स सिरिअक्स स्नायू, कंडरा आणि सांधे यांची काटेकोर तपासणी फिजिओथेरपिस्टना शिकवत होते. कोणत्या ऊतीवर ताण दिला की दुखतं, यावरून दोषी ऊती शोधायची, ही त्यांची शिस्त. मेटलँड यांनी बरंच काही घेतलं आणि १९६४ मध्ये आपलं मणक्यांच्या उपचारावरचं पुस्तक काढलं. सांधा हलवण्याच्या चार श्रेणी आज प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, त्या त्यांच्याच. पण त्यांची खरी देणगी वेगळी आहे. ते विद्यार्थ्यांना डोक्यात एक विटांची भिंत उभी करायला सांगत. भिंतीच्या एका बाजूला निदान, शरीरशास्त्र, सिद्धांत. दुसऱ्या बाजूला पेशंटने सांगितलेली हकिगत आणि तपासणीत दिसलेल्या खुणा. भिंत पाझरणारी आहे, इकडचा विचार तिकडे जातो. पण दोन्हींत विसंगती दिसली तर समोरच्या पेशंटमध्ये जे दिसतंय त्याला मान द्यायचा. म्हणून त्यांच्या पद्धतीत पेशंटची नेमकी तक्रार जागवणारी एक हालचाल निवडतात, उपचार करतात, आणि लगेच तीच हालचाल पुन्हा करून पाहतात. बदल झाला नाही तर तंत्र बदलतात.

आता चाचण्यांकडे. इथे तरुण फिजिओंचा धीर खचतो, आणि माझ्या मते विनाकारण खचतो.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या १४० पेशंटांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना थेरपिस्टने तपासून निवडलेलं मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा हलवण्याचं तंत्र, दिलं, निम्म्यांना चिठ्ठी काढावी तसं यदृच्छेने ठरवलेलं. दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅनिप्युलेशनच्या, म्हणजे सांध्याला दिलेल्या झटक्याच्या, वेळी होणारा ‘कट्’ आवाज नेमका कुठून येतो ते मोजलं: कंबरेत तो लक्ष्य केलेल्या जागेपासून सरासरी पाच सेंटिमीटरहून थोडा अधिक दूर निघाला. म्हणजे ‘चौथ्या मणक्यावरच काम केलं’ हे म्हणणं बऱ्याचदा खरं नसतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ३२१ पेशंटांमध्ये मॅकेन्झी पद्धत, कायरोप्रॅक्टिक मॅनिप्युलेशन आणि नुसती एक माहितीपुस्तिका यांची तुलना झाली. पुस्तिकेपेक्षा दोन्ही उपचार किंचितच सरस ठरले. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या २४० पेशंटांच्या चाचणीत नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीला चांगला सल्ला आणि पॅरासिटामॉल दिल्यावर वर हातांचे उपचार जोडून बरं होण्याचा वेग वाढला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सगळं सारखंच, कुठलाही कोर्स करा. तसं नाही. २००४ मध्ये ‘स्पाइन’ नियतकालिकात आलेली एक चाचणी याच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. ३१२ पेशंट तपासले, त्यांतल्या २३० जणांना एका विशिष्ट दिशेने वाकल्यावर बरं वाटतं असं आढळलं. मग त्यांचे गट केले: काहींना त्याच दिशेचे व्यायाम, काहींना उलट दिशेचे, काहींना सरसकट सगळ्यांना देतात तसे. जुळत्या दिशेच्या गटात दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना आराम पडला. बाकीच्या दोन गटांतले सुमारे एक तृतीयांश लोक फरक नाही किंवा दुखणं वाढलं म्हणून मध्येच बाहेर पडले.

या दोन जातींच्या निकालांतून मी असा अर्थ काढतो. बोट कुठल्या मणक्यावर ठेवलं, दाब कुठल्या कोनातून दिला, या बारकाव्यांना आपण अवास्तव महत्त्व दिलं आहे. हाताने होणारा आराम बराचसा मज्जासंस्थेमार्फत येतो आणि तिला मिलिमीटरचा हिशोब लागत नाही. मात्र पेशंटचं शरीर कोणत्या हालचालीला कसा प्रतिसाद देतं, हे पाहून उपचार ठरवले तर फरक पडतो. म्हणून कोर्स निवडताना तो कोणतं तंत्र शिकवतो याआधी, तो प्रतिसाद पाहायला शिकवतो का, हे विचारावं. तपासा, एक गोष्ट करा, पुन्हा तपासा, हे चक्र ज्या पद्धतीच्या गाभ्यात आहे ती पहिली शिकावी. मॅकेन्झी आणि मेटलँड दोन्हींत ते आहे. मलिगनमध्येही आहे: हालचाल तिथल्या तिथे दुखायची थांबली नाही तर तंत्र सोडून द्या, असा त्यांचा नियमच आहे. टेपिंग, कपिंग, सुया ही साधनं आहेत. ती नंतर शिकता येतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर प्रत्येक पेशंटमध्ये पट्टी लावायची जागा दिसू लागते.

या तीन पद्धतींतली कोणती, हे तुम्ही कुठे काम करणार यावर ठरावं. बीडची ऊसतोड करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळ्या उचलायच्या, रात्री कोपीत जमिनीवर पाठ टेकायची. कारखान्याच्या गावी ओपीडीत ती फार तर एकदा येईल. दुसऱ्यांदा आली तर एक दिवसाची मजुरी बुडवून. तिला आठवड्यातून तीन वेळा येऊन मोबिलायझेशन घ्या, असं सांगणारा फिजिओ कितीही कुशल असला तरी तिच्या उपयोगाचा नाही. मॅकेन्झी पद्धतीचा सगळा भर पेशंटने स्वतः करायच्या हालचालीवर असतो. १९८० साली त्यांनी पेशंटसाठीच स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते याच भूमिकेतून. मागे वाकून तिला खरंच बरं वाटतंय हे तपासणीत दिसलं, तर कमरेवर हात ठेवून उभ्यानेच मागे वाकणं तिला दोन मोळ्यांच्या मधेही करता येईल. तालुक्याच्या गावी किंवा सरकारी ओपीडीत काम करणाऱ्याने पहिला कोर्स म्हणून मॅकेन्झी घ्यावा, असं मी ठामपणे सांगतो. पेशंट नियमित येऊ शकतात अशा शहरातल्या दवाखान्यात मेटलँडची तपासणी शिकलेला माणूस अधिक खोल जाईल.

ज्यांना लकव्याच्या पेशंटांमध्ये काम करायचं आहे त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे आणि थोडं कटू आहे. बोबाथ पद्धतीचं नाव आपल्याकडे मोठं आहे. तिने लुळ्या बाजूला न्याय दिला हे तिचं ऋण कायम राहील. पण २००९ मध्ये सोळा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा ती इतर पद्धतींपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच्या उपचारांचे २०१३ पासून जे मोठे आढावे आले, त्यांत पारंपरिक एनडीटी, म्हणजे हीच बोबाथ पद्धत, परिणामकारक नाही, ती वापरू नये असा कौल आहे. त्याच आढाव्यांत मुलाला जे काम जमायला हवं त्याच कामाचा भरपूर सराव करून घेणाऱ्या उपचारांना पसंती मिळाली. सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड १९८२ पासून हेच सांगत होत्या: उठायला शिकायचं तर उठण्याचाच सराव हवा. एडवर्ड टाउब यांच्या कामातून आलेल्या पद्धतीत चांगला हात दिवसाचा बहुतेक वेळ हातमोज्यात बांधून लुळ्या हाताला कामाला लावतात. २००६ मध्ये २२२ पेशंटांच्या चाचणीत तिचा फायदा दिसला. तेव्हा मेंदूविकारांकडे वळणाऱ्याने आधी कामाधारित सराव कसा आखायचा, किती करवून घ्यायचा हे शिकावं. आपल्याकडे त्या कामांत खुर्चीतून उठण्याइतकंच जमिनीवरून उठणं, मांडी घालून जेवायला बसणं आणि संडासात उकिडवं बसणं येतं. हे परदेशी पुस्तकात सापडणार नाही, ते पेशंटच्या घरी जाऊन पाहावं लागतं.

कोणत्याही कोर्सआधी एक गोष्ट पक्की हवी, कारण ती चुकली तर माणूस अपंग होतो. प्रत्येक कंबरदुखी हालचालीने सुटणारी नसते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून पुष्कळ आहे. वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एका मणक्यावर ठोकलं की कळ येणं, अशा पेशंटला टेबलावर घेण्याआधी डॉक्टरकडे पाठवायचं. लघवी अडकणं, बसण्याच्या जागेची संवेदना जाणं म्हणजे त्याच दिवशी शस्त्रक्रियेचा विचार करणारं रुग्णालय. मानेचं मॅनिप्युलेशन शिकण्याची घाई तर मुळीच नको. क्वचितच होते, पण मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याची इजा भरून निघत नाही.

एमआरआयचा अहवाल हातात घेऊन येणाऱ्यांचं काय, हेही तरुणांना विचारायचं असतं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या वीस वर्षांच्या लोकांपैकी ३७ टक्क्यांत आणि ऐंशी वर्षांच्यांपैकी ९६ टक्क्यांत चकती झिजलेली दिसली. ‘डिजनरेशन’ हा शब्द वाचून घाबरलेल्या माणसाला हे समजावून सांगणं हाही उपचारच आहे, आणि पहिल्या नोकरीत तो रोज करावा लागतो.

शिक्षक कसा निवडायचा? कोर्समध्ये खऱ्या पेशंटला सर्वांसमोर तपासतात का, आणि उपयोग झाला नाही तर शिक्षक ते मोकळेपणी सांगतात का, हे आधी केलेल्यांना विचारावं. सहाध्यायांच्या निरोगी पाठीवर दोन दिवस अंगठे दाबून हात बसतो, नजर बसत नाही. शक्य असेल तर कोर्सनंतर काही महिने त्या पद्धतीत मुरलेल्या कुणाच्या ओपीडीत उभं राहावं. प्रमाणपत्राच्या शुल्कापेक्षा या वेळेची किंमत जास्त आहे. एमपीटी करायची की कोर्स, यातही माझं उत्तर याच कसोटीवर ठरतं: जिथे रोज पेशंट पाहायला मिळतील आणि कोणी अनुभवी माणूस तुमची तपासणी तपासेल, तिकडे जा. पद्धतीच्या बाजूने आणि विरोधात काय पुरावा आहे ते पाहायला सिडनीहून १९९९ पासून चालणारा ‘पेड्रो’ हा माहितीसंग्रह सर्वांना मोफत खुला आहे. फिजिओथेरपीच्या चाचण्या त्यात दर्जा मोजून ठेवलेल्या असतात.

एक पद्धत घेतली की निदान वर्षभर तिच्याशी राहावं आणि वही ठेवावी: पेशंटची तक्रार, त्याची दुखरी हालचाल, उपचारानंतर ती कशी होती, पुढच्या वेळी तो काय म्हणाला. वर्षाच्या शेवटी न सुधारलेल्यांची पानं वेगळी काढावीत. ती बहुतेक मधुमेह्यांच्या आखडलेल्या खांद्यांची असतील, तर दुसरा अभ्यास खांद्याचा. वर्षानुवर्षं दुखणारे, हलायलाच घाबरणारे लोक त्यांत जास्त असतील, तर हातांचं आणखी एक तंत्र त्यांच्या कामाचं नाही. डेव्हिड बटलर आणि लोरिमर मोझली यांनी २००३ पासून मांडलेलं वेदनेचं शिक्षण आणि हळूहळू वाढवत नेलेली हालचाल त्यांच्यासाठी शिकावी. आणि पानांवर एकदाच येऊन परत न आलेल्यांचीच नावं जास्त असतील, तर कोर्सआधी त्यांतल्या काहींना फोन करून ते का आले नाहीत हे विचारावं.